वावरात मयत सापडला तर अंगावरच्या वस्तूंचं काय करायचं?

प्रश्न
यवतमाळ जिल्ह्यात नवीनच पोलीस पाटील झालो. पोलीस पोचेपर्यंत घरचेच मोबाईल, अंगठी, खिशातले पैसे काढून घेतात. अडवायचं का? आणि जप्त झालेलं परत कसं मिळतं?

उत्तर १
अडवाच. ठाण्यात फोन करा, कोतवालाला तिथंच उभा ठेवा. फवारणीच्या औषधाची बाटली पडली असेल तर लेबल वाकून वाचा, उचलू नका, झाकणही लावू नका. मयताची चिठ्ठी पडली असेल आणि पाऊस आला तर तिच्यावर घमेलं पालथं घाला, पण तिचा फोटो गावच्या ग्रुपवर नको. मात्र धुगधुगी असेल तर हे सगळं सोडा. आधी दवाखाना, आणि बाटली सोबतच न्या. कोणतं औषध ते डॉक्टरला कळलंच पाहिजे.

उत्तर २
पंचनाम्यात "पिवळ्या धातूची अंगठी" लिहिलं की नातेवाईक भांडतात. भांडू नका, सोनं आहे की नाही हे पंच ठरवत नसतात. त्यापेक्षा वजन, खूण, नोटा किती रुपयांच्या किती, मोबाईलचा आयएमईआय (ओळख क्रमांक) हे लिहिलंय का ते बघा आणि वाचूनच सही करा. जोडवी, पोत, करदोटा बहुतेकदा शवविच्छेदनाच्या वेळी निघतात, त्यांची नोंद वेगळी मागा; घोळ तिथंच होतो.

कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात सील व्हायला हवेत. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, मग प्रयोगशाळेला डाग मिळत नाहीत.

उत्तर ३
सगळंच जप्त होत नाही. मर्गशी (आकस्मिक मृत्यूच्या चौकशीशी) संबंध नसलेल्या वस्तू पोलीस पावतीवर वारसाला देऊ शकतात. जप्त झालेल्यांसाठी तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा: बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 503 (जुन्या सीआरपीसीचं 457). सोबत जप्ती पंचनाम्याची प्रत, आधार, असेल तर मोबाईलचं बिल. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, मग सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर) वस्तू मिळते. मोबाईल तपासणीला गेला असेल तर थांबावंच लागतं. बायको आणि भाऊ दोघेही हक्क सांगत असतील तर वारस प्रमाणपत्राशिवाय बहुतेकदा गाडी पुढं सरकत नाही.

पासबुक, सातबारा, कर्जाचे कागद जप्तीत गेले तर प्रती लगेच मागून घ्या. शेतकऱ्याची आत्महत्या असेल तर 1 लाखाच्या सरकारी मदतीच्या प्रस्तावाला तेच लागतात. आणि मयताच्या एटीएमनं पैसे काढू नका, नॉमिनी असला तरी. बँकेत मृत्यूचा दाखला देऊनच काढा.