राखीव जागेत गाडी, ब्लू बॅज पत्नीच्या पर्समध्ये, वायपरखाली १०० पौंडांची नोटीस: अपील कसे करावे?

थेम्सकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगजवळ राहतो. माझ्या पत्नीला सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. घरात ती भिंतीला हात लावत चालते, बाहेर काठी लागते, आणि थंडीच्या दिवसांत पाय इतके जड होतात की पन्नास-साठ पावलांनंतर तिला थांबावेच लागते. तिच्याकडे कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) दिलेला ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांचा पार्किंग परवाना आहे आणि त्याची मुदत अजून संपलेली नाही.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही एका सुपरमार्केटमध्ये गेलो आणि गाडी दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेत लावली. बॅज एरवी डॅशबोर्डवरच असतो. पण आदल्या दिवशी ती मैत्रिणीच्या गाडीतून रुग्णालयात गेली होती, तेव्हा बॅज सोबत नेला होता आणि तो तिच्या पर्समध्येच राहिला. म्हणजे आम्ही दुकानात भाजी घेत होतो तेव्हा बॅज आमच्याजवळच होता, फक्त काचेमागे नव्हता. चाळीस मिनिटांनी परत आलो तर वायपरखाली पिवळे पाकीट होते: १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड. पार्किंगची व्यवस्था एका खासगी कंपनीकडे आहे.

हा सरकारी दंड आहे का, तो भरलाच पाहिजे का, आणि अपील करायचे तर कोणत्या आधारावर, हे कृपया सांगावे. आई सांगलीहून फोनवर म्हणते की पैसे भरून टाक आणि मोकळा हो. पैशांपेक्षाही मला लागले ते हे की पत्नी पाकीट हातात घेऊन बराच वेळ गाडीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यामुळे झालं." तिच्यामुळे काहीही झालेले नाही, हे मला तिला कागदावर दाखवायचे आहे.

(उत्तरातील सूचनेनुसार या प्रश्नातून एक वाक्य काढले आहे.)

कृष्णाकाठ

सर्वप्रथम एक विनंती. गाडी कोण चालवत होते हे आपण प्रश्नात लिहिले आहे. ते वाक्य आजच काढून टाकावे. कारण पुढे सांगतो. मी काही वर्षे एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून अशी पत्रे लिहून देत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पाकिटावरचे शब्द नीट पाहा. कौन्सिल देते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस' आणि खासगी कंपनी देते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोघींचे लघुरूप पीसीएन असे एकच होते आणि रंगरूपही सारखेच असते, म्हणून माणूस घाबरतो. आपल्याला मिळालेली नोटीस हा दंड नाही. आपण पाटीवरच्या अटी मान्य करून गाडी लावली आणि अट मोडली, असा कंपनीचा दावा आहे आणि त्या कराराच्या आधारावर ती पैसे मागत आहे. दावा म्हटला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते.

आता चालकाविषयी. करार चालकाशी झालेला असतो, पण कंपनीला चालक ठाऊक नसतो. डीव्हीएलएकडे (सरकारी वाहन नोंदणी खात्याकडे) अडीच पौंड भरून तिला फक्त नोंदणीकृत कीपरचे, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचे, नाव आणि पत्ता मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टानुसार चालक कळला नाही तर कीपरकडून वसुली करता येते, मात्र त्यासाठी कंपनीने ठरलेल्या मजकुराची नोटीस ठरलेल्या मुदतीत कीपरपर्यंत पोहोचवलीच पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीसाठी ही मुदत चौदा दिवसांची आहे. आपल्यासारखी काचेवर नोटीस लावली असेल, तर कीपरला जाणारी नोटीस पहिले अठ्ठावीस दिवस उलटल्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांत यावी लागते. ही मुदत चुकली किंवा मजकुरात कायद्याने सांगितलेले काही राहिले, तर कीपरवरची जबाबदारी उभीच राहत नाही. आपण स्वतःहून "मी गाडी चालवत होतो" असे लिहून दिले, की हे सगळे संरक्षण आपल्याच हाताने संपते.

म्हणून अपील कीपर या नात्याने, अठ्ठावीस दिवसांच्या आत आणि तृतीय पुरुषात लिहावे: "चालकाने गाडी राखीव जागेत लावली, गाडीत दिव्यांग व्यक्ती होती, तिच्याकडे वैध ब्लू बॅज होता." बॅजच्या पुढच्या बाजूची प्रत जोडावी, फोटो असलेली मागची बाजू पाठवण्याची गरज नाही.

पण त्याच्याही आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटा. कंपनी दुकानाच्या किंवा जमीनमालकाच्या वतीने काम करते आणि त्याने सांगितले तर नोटीस रद्द होते. सोबत त्या दिवशीची खरेदीची पावती आणि बॅज न्या. माझ्या अनुभवात सर्वाधिक नोटिसा याच दारातून परत गेल्या आहेत.

लेस्टरवासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एका गोष्टीचा इशारा देतो, कारण ती माझ्या बाबतीत घडली. २०१६ मध्ये मला अशीच नोटीस आली आणि मित्रांनी सांगितले की खासगी तिकिटे फाडून टाकायची असतात. मी पत्रांकडे दुर्लक्ष केले. पुढे आम्ही घर बदलले, पण गाडीच्या कागदांवर पत्ता बदलायचे राहून गेले. न्यायालयाचा दावा जुन्या पत्त्यावर गेला, माझ्याकडून उत्तर गेले नाही आणि माझ्याविरुद्ध काउंटी कोर्टाचा निवाडा लागला. हे मला कळले ते घरकर्जाच्या अर्जाच्या वेळी. निवाड्याची रक्कम महिन्याच्या आत भरली नाही, तर निवाड्याची नोंद आपल्या कर्ज-इतिहासात सहा वर्षे राहते. ती पुसण्यासाठी मला नोटिशीच्या रकमेच्या कितीतरी पट खर्च आणि मनस्ताप झाला.

वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रे आली तरी भिऊ नका. न्यायालयाच्या निवाड्याशिवाय तुमच्या दाराशी येऊन सामान उचलण्याचा अधिकार त्यांना नाही. मात्र 'लेटर बिफोर क्लेम' (दावा लावण्यापूर्वीचे इशारापत्र) आले तर तीस दिवसांत, आणि न्यायालयाचा दावा-अर्ज आला तर त्यावर छापलेल्या मुदतीत उत्तर द्यायलाच हवे. आणि गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आजच तपासा.

आणखी एक. "१०० पौंड अवाजवी आहेत" एवढ्याच मुद्द्यावर अपील करू नका. चेल्म्सफर्डमधल्या एका पार्किंगमध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा छप्पन्न मिनिटे जास्त थांबलेल्या बॅरी बेव्हिस यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने पार्किंगआय या पार्किंग कंपनीचे ८५ पौंड वैध ठरवले. त्या निकालात पाट्या मोठ्या, ठळक आणि सहज वाचता येण्याजोग्या होत्या, याला महत्त्व होते. त्यामुळे आपल्या पाट्या तशा आहेत का, हे जाऊन पाहावे.

उंबरठा

मी स्वतः चाकांच्या खुर्चीत असते आणि गेली बारा वर्षे गाडी चालवते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंनी बोलायचे आहे.

राखीव जागांवर लक्ष ठेवले जाते याचे मला बरे वाटते. "दोनच मिनिटे" म्हणून तिथे गाडी लावणाऱ्यांमुळे मी पावसात दार उघडू न शकल्याने घरी परतलेली आहे; कारण मला दाराशेजारी खुर्ची उतरवण्याएवढी रुंद मोकळी पट्टी लागते आणि साध्या जागेत ती नसते. पण ज्यांच्यासाठी ती जागा आखली आहे त्यांच्याकडूनच पैसे घेतले गेले, तर लक्ष ठेवण्याचा हेतूच हरतो.

आपल्या अपिलाचा गाभा असा असावा. ब्लू बॅजची योजना मुळात रस्त्यावरील पार्किंगसाठी आहे; खासगी जमिनीवर तिचे नियम आपोआप लागू होत नाहीत. तिथे लागू होतो तो इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१०. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये दिव्यांग कोण हे ठरते आणि त्यासाठी बॅज असण्याची अट नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत तर निदान झाल्या दिवसापासून व्यक्ती दिव्यांग मानली जाते, असे परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आपल्या पत्नीला त्या जागेचा हक्क प्लास्टिकच्या तुकड्याने दिलेला नाही. बॅज हा पुरावा आहे, आणि तो पुरावा आपण नंतरही दाखवू शकता. सेवा देणाऱ्याने दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी बदल करावेत असे कलम २० आणि २९ सांगतात. वैध बॅज दाखवल्यावर नोटीस मागे घेणे हा असाच एक वाजवी बदल आहे, असे लिहावे. हा मुद्दा प्रत्येक वेळी जिंकून देतो असे मी म्हणणार नाही, कारण "बॅज दिसला पाहिजे" ही अट कंपन्या पाटीवर लिहितात आणि तिच्यावर अडून बसतात. पण तो मांडलाच पाहिजे.

पत्रात "आम्ही चुकलो, क्षमा करावी" असे लिहू नका. आपल्या मराठी स्वभावात आधी माफी मागण्याची सवय असते. इथे ती कबुली म्हणून वाचली जाते.

पाट्यांचे फोटो दिवसा काढू नका. घटनेच्या वेळेलाच, म्हणजे अंधार पडल्यावर, चालकाच्या आसनावरून काढा. आमच्या गावातल्या एका पार्किंगमध्ये ही अट खांबावर डोक्याच्याही वर, पोस्टकार्डाएवढ्या जागेत लिहिली होती आणि तिच्यावरचा दिवा बंद होता. खुर्चीत बसून मला ती वाचताच येत नव्हती.

थेम्सकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ते वाक्य काढले आहे. एक शंका मनात राहिली आहे: चालकाचे नाव न सांगणे ही लपवाछपवी ठरत नाही का? मला खोटे काही लिहायचे नाही. आणि कंपनीने अपील फेटाळले तर पुढे काय?

कृष्णाकाठ

शंका योग्य आहे. खोटे लिहायचेच नाही. "मी गाडी चालवत नव्हतो" असे चालवत असताना लिहिणे चूक आहे आणि ते अंगलट येते. पण न सांगणे वेगळे. पोलिसांनी विचारले तर चालकाचे नाव देणे कायद्याने बंधनकारक असते. खासगी कंपनीला तसे विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, आणि म्हणूनच संसदेने २०१२ मध्ये कीपरच्या जबाबदारीची वेगळी वाट काढून दिली. त्या वाटेने जायचे तर तिच्या अटी कंपनीने पाळाव्यात, एवढेच आपण म्हणत आहोत. स्कॉटलंडमध्ये हा २०१२ चा कायदा या बाबतीत लागू नाही, हे तिकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

अपील फेटाळले तर कंपनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे ते पाहा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर फेटाळणीच्या पत्रात 'पॉप्ला' या स्वतंत्र अपील सेवेचा क्रमांक येतो आणि अठ्ठावीस दिवसांत तिथे विनामूल्य अपील करता येते. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर 'इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस' असते; तिच्याकडून माझ्या ओळखीतल्यांना फारसा दिलासा मिळालेला नाही. पॉप्लाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. मात्र तिथे जाईपर्यंत ६० पौंडांची सवलत संपते, हे आधी घरात बोलून ठरवा. पॉप्लासमोर "विसरलो" हे कारण टिकत नाही. कीपर नोटिशीतील त्रुटी, न दिसणाऱ्या पाट्या आणि कंपनीकडे जमीनमालकाचा लेखी अधिकार आहे का, हे मुद्दे टिकतात. आणि एकदा पैसे भरले की अपिलाचे दार बंद होते.

गोदावरी_इलिंग

प्रश्न थोडा बाजूचा आहे, क्षमस्व. माझे वडील नाशिकहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही आणि त्यांच्याकडे भारत सरकारचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आहे. ते डॅशबोर्डवर ठेवले तर चालेल का?

उंबरठा

रस्त्यावर आणि कौन्सिलच्या राखीव जागेत चालणार नाही. तिथे ब्लू बॅजच लागतो आणि भारतातल्या कार्डावर तो मिळत नाही. खासगी जमिनीवर मात्र इक्वॅलिटी अ‍ॅक्टची व्याख्या लागू होते आणि ती राष्ट्रीयत्व किंवा वास्तव्य विचारत नाही. आजाराचा दैनंदिन हालचालींवर लक्षणीय आणि किमान वर्षभर टिकणारा परिणाम असला पाहिजे. तरी वाद घालत बसण्यापेक्षा दुकानात शिरल्याबरोबर मदत-काउंटरवर गाडीचा क्रमांक नोंदवून ठेवा आणि कर्मचाऱ्याने होकार दिला तर त्याचे नाव व वेळ टिपून ठेवा.

थेम्सकाठ

शेवट काय झाला हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

मंगळवारी संध्याकाळी पत्नी आणि मी दोघे दुकानात गेलो. तिनेच बोलायचे ठरवले होते. व्यवस्थापकांसमोर तिने पर्समधून बॅज काढून काउंटरवर ठेवला, शेजारी पावती ठेवली आणि सांगितले की हा त्या वेळी माझ्याजवळच होता. त्यांनी बॅजवरची मुदत पाहिली, नोटिशीचा क्रमांक उतरवून घेतला आणि आमच्यासमोरच कंपनीला ईमेल केला. तरीही मुदत जाऊ नये म्हणून मी कीपर या नात्याने अपीलही पाठवून ठेवले. अकरा दिवसांनी दोन ओळींचे पत्र आले की नोटीस रद्द करण्यात आली आहे. कारण दिलेले नव्हते.

पाट्यांचे फोटो आम्ही अंधारात काढले होते. त्या रांगेतल्या सहा राखीव जागांसमोर एकच पाटी आहे आणि बॅजची अट तिच्या तळाशी, बारीक अक्षरांत आहे. हे फोटो जोडून पत्नीने दुकानाला वेगळे पत्र लिहिले आहे, की अट प्रत्येक जागेसमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आले की इथे लिहीन.