अनुभव सांगा: ८०० आणि १५०० मीटरची कोवळी वर्षं

शंभर मीटरवाल्यांचं कौतुक होतं, मॅरेथॉनवाल्यांना मान मिळतो. आमच्या वाट्याला 'म्हणजे नक्की किती फेऱ्या?' एवढंच येतं. तर मंडळी, तुम्ही किंवा तुमचं पोर या दोन ते पावणेचार फेऱ्यांत अडकलं असेल, तर लिहा. पदकांचं राहू द्या, मधल्या वर्षांचं लिहा.

माझंच आधी. चौदाव्या वर्षी पहिली ८००. पहिलं वळण संपलं की लेन सोडायची, एवढंच ठाऊक. तिरकं सावकाश आत यायचं सोडून मी एकदम घुसले, बरगडीत कोपर बसलं. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा पहिली होते. ६०० ला मांड्यांचे दगड झाले. आले पाचवी. दुसरी फेरी ११ सेकंद जास्त! केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० चा १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची पहिली फेरी होती ४९.२८. म्हणजे दुसरीत तोही मंदावलाच, पण दोन-अडीच सेकंदच.

*

मी सोळाचा असताना एकाच स्पर्धेत ४००, ८००, १५०० आणि वर रिले. संघाला गुण हवे होते, मला नाही म्हणता येत नव्हतं. नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दुखायचं, दाबलं की डोळ्यांत पाणी. एक्स-रे स्वच्छ. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर. हंगाम गेला, आणि ते गुण कुणाला आठवतही नाहीत.

*

दीड वर्ष माझा टाइम हलला नाही. सगळे म्हणत, हिचं लक्ष नाही. हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं. पाळी चार महिने आली नव्हती. सरावाच्या वहीत झोप, वजन, नाडी, सगळ्याचे रकाने होते. पाळीचा नव्हता. मुलींनो, खाणं कमी पडलं तरी पाळी थांबते. 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना गाठा.

*

ताई, अगदी हेच. फक्त मला आईला सांगायलाच सात महिने लागले.

*

मी बाप. स्टॉपवॉच घेऊन कुंपणाशी उभा राहणारा, परतताना गाडीत स्प्लिट्स, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, वाचून दाखवणारा. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने २०१८ ला बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत १७ व्या वर्षी १५०० आणि ५००० दोन्ही मारल्या, हे पोराला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. एकदा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, बोर्डावरची वेळ मलाही दिसते." तेव्हापासून मी फक्त पाण्याची बाटली धरतो. (घड्याळ खिशात असतं, खोटं कशाला बोलू.)

*

पडण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? मी सलग दोन शर्यतींत पडले. नंतर महिनाभर घोळक्यापासून लांब, दुसऱ्या लेनमधून पळायचे. फुकटचं जास्त अंतर. अमेरिकेच्या अथिंग मूने १९ व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० चं सुवर्ण घेतलं आणि २०२४ च्या अमेरिकन निवड चाचणीत पडून तिचं पॅरिस ऑलिंपिक हुकलं. ते बघताना माझेच गुडघे चुरचुरले.

*

वय १९. ८०० मध्ये तीन हंगाम १:५३ वर अडकलोय. सर म्हणाले, १५०० करून बघ. गेल्या रविवारी केली. लेन नाहीत, सुरुवातीला वाकडी रेषा, बारा जण एकदम सुटले. ७०० पर्यंत इतकं रेंगाळत चाललं होतं की मला हसू येत होतं. शेवटच्या ३०० ला हसू पळालं. ४:०२. पुढच्या रविवारी परत आहे.