पेट्रोल पंपावरचा ओबामा

मुक्काम डब्लिन
सडेतोड यांचं आयर्लंडचं प्रवासवर्णन वाचलं. कडे, गिनेस बिअर, पाऊस, सगळं यथासांग झालंय. पण मनीगॉल या तिथल्या खेड्याबद्दलचं एक वाक्य घशाखाली उतरेना: "पेट्रोल पंपावर ओबामाचं म्युझियम काढलंय, लाचारी बघून हसू आलं." तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, लांबला, म्हणून वेगळा धागा.

सडेतोड, जिना चढून वर गेला होतात का? की खाली चिप्स खाल्ल्या, टॉयलेटला जाऊन आलात, बाहेर बराक-मिशेलच्या पुतळ्यांमध्ये उभं राहून फोटो काढला आणि झालं म्युझियम? लिमरिकला जाता-येता मी तिथे कायम थांबतो. पोरं खाली खात बसतात, मी वर जाऊन येतो. चिप्सचा वास जिन्यावर येतो, मान्य. पण वर जे मांडलंय ते ओबामापुरतं नाही. इथून बोटीत बसून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांतून अमेरिकेचे अध्यक्ष कसे झाले, याची ती गोष्ट आहे.

गाव जेमतेम ३०० वस्तीचं. १८४५ पासून बटाटा कुजत गेला, दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांतलाच एक ओबामाचा पूर्वज फल्मथ कर्नी, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, १८५० ला निघाला तेव्हा १९ वर्षांचा. २००७ मध्ये तिथल्या पाद्र्याने चर्चच्या जुन्या वह्या चाळून कर्नींची नावं काढली. २३ मे २०११ ला ओबामा आले, गावच्या पबमध्ये गिनेस प्यायले, पैसे स्वतः दिले. त्याच दिवशी डब्लिनच्या भाषणात म्हणाले, आमच्या आडनावातला (आयरिश आडनावांच्या O' मधला) अपॉस्ट्रॉफी वाटेत कुठेतरी हरवला, तो शोधायला आलोय. ज्या नात्यावर पाहुणा आणि यजमान दोघंही हसतात, त्यात लाचारी कुठून आली? मोटरवेने बाजूला टाकलेल्या गावाजवळ २०१४ ला त्याच मोटरवेवर हे दुकान थाटलं गेलं. याला मी तरी अक्कल म्हणतो.

सडेतोड
वर गेलो होतो, साहेब. दहा मिनिटं, पण गेलो होतो.

आता हिशोब करा. फल्मथ हा ओबामाच्या पाच पिढ्या मागचा, ३२ पूर्वजांपैकी एक. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर याहून कमी हिश्शाचे वारसदार आहेत, त्यांना तलाठीसुद्धा ओळखत नाही. बॅलीपोरीन या दुसऱ्या आयरिश गावी अध्यक्ष रेगन १९८४ मध्ये गेले, तिथल्या पबने त्यांचं नाव लावलं. २००४ ला तो पब बंद पडला आणि आतलं सगळं सामान उचलून कॅलिफोर्नियात रेगनच्या लायब्ररीत नेलं. गावाला काय उरलं? पबची पाटीसुद्धा तिकडेच!

आणि कॅरिकफर्गसला अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचं कॉटेज. आईबाप १७६५ ला गेले. मूळ घर रेल्वेसाठी पाडलं, आज दाखवतात ते जवळचं दुसरं. तेही चालवून घेतलं असतं. पण हाच जॅक्सन १८३० चा कायदा करून चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलतो, हजारो वाटेत मरतात. आणि तेच चॉक्टॉ १८४७ मध्ये आयर्लंडचा दुष्काळ ऐकून १७० डॉलर गोळा करून पाठवतात! मग गौरव कुणाचा करायचा? अध्यक्ष झाला की सगळं माफ?

कट्टेकरी
कॅरिकफर्गस उत्तर आयर्लंडात येतं. तिथल्या माणसाला 'आयरिश' म्हणून बघा, मग कळेल. जॅक्सन अल्स्टर-स्कॉट, म्हणजे स्कॉटलंडहून तिथे येऊन वसलेल्यांच्या वंशातला. बाकी चालू द्या.

माहेरवाशीण
सडेतोड, ३२ वा हिस्सा म्हणून हसताय, तो कोणामार्फत आला ते दहा मिनिटांत वाचलंत का? फल्मथची मुलगी मेरी अ‍ॅन, तिचा मुलगा राल्फ, त्याचा स्टॅन्ली, त्याची मुलगी अ‍ॅन, तिचा बराक. साखळीत दोनदा बाई आहे. आपल्या कुलवृत्तांतात हा माणूस मेरी अ‍ॅनपाशीच खलास झाला असता.

हे हवेत बोलत नाहीये. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा बाबांनी हौसेने वर्गणी भरली. प्रकाशनाला मठ्ठा-जिलबी, फेटे, सनई. घरी येऊन आमचं पान उघडलं. दादाची पदवी, नोकरी, त्याच्या मुलाच्या मुंजीचं सालसुद्धा. आणि माझ्या जागी "कन्या १ (विवाहित)". पीएचडी माझी, दादाची नाही. बाबांनी पुस्तक मिटलं आणि टीव्हीखालच्या कप्प्यात टाकलं, अजून तिथेच आहे.

कट्टेकरी
ताई, जुन्या आवृत्त्यांचं सोडा. आता मुलींची नावं, शिक्षण सगळं छापतात. आमच्या समितीवर काका होते. चार वर्षं फॉर्म गोळा करत फिरले. निम्म्या लोकांनी पाकीटही फोडलं नाही आणि पुस्तक आल्यावर तेच बोंबलत आले. तुमच्याकडून फॉर्म गेला होता का?

माहेरवाशीण
फॉर्म 'कुटुंबप्रमुख' यांच्या नावाने येतो. कुटुंबप्रमुख म्हणजे कोण ते मी सांगायला नको. आणि ताई म्हणू नका, ताई म्हटलं की पुढे समजूत काढणं येतंच.

कट्टेकरी
बरं, मॅडम. फुकट राबणाऱ्या म्हाताऱ्यांना शिव्या घालणं सोपं असतं. स्वतः एक पिढी तरी गोळा करून दाखवा.

माहेरवाशीण
आजीकडच्या चार पिढ्या गोळा केल्यात, वहीत. छापायला कुठलं कुलमंडळ तयार नाही, कारण ते 'आमच्या कुळात बसत नाही'.

वायरी-मालवण
अरे बाबांनू, भांडान झाला? आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो लिओ वराडकर आयर्लंडचो पंतप्रधान झालो, ता कोणाकच आठवणा नाय? बापूस मुंबयचो डॉक्टर, आवस आयरिश. २०१९ च्या डिसेंबरात गावाक येवन गेलो. आमी काय म्युझियम काढूक नाय. काढूक होया होता.

माहेरवाशीण
बापाकडून आला म्हणून लगेच 'आमचो'. आईचं माहेर वराड असतं तर तुमच्यातल्या कितीजणांनी आडनावावरून ओळखला असता?

वायरी-मालवण
ह्या काय बरोबर नाय... पण खोटा पण नाय.

मुक्काम डब्लिन
धागा ओबामाचा होता, गेला कुठे! असो. सडेतोड, तुमच्या जॅक्सनबद्दल. कॉर्कजवळ मिडलटनला चॉक्टॉंच्या त्या मदतीचं स्मारक आहे, स्टीलची नऊ उंच पिसं गोलाकार उभी आहेत. आणि २०१८ मध्ये ओक्लाहोमाला जाऊन चॉक्टॉंचे आभार मानून त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करणारा पंतप्रधान कोण? हाच मालवणकरांचा लिओ. तेव्हा इथले लोक फक्त अध्यक्षांच्या मागे धावतात, हे काही खरं नाही.

सडेतोड
स्मारक चॉक्टॉंचं, कॉटेज जॅक्सनचं, दोन्हीकडे पर्यटक. चांगलं जमवलंय. 'लाचारी' मागे घेतो, लेखात दुरुस्ती करतो. 'हसू आलं' राहू दे, ते खरंच आलं होतं. आणि बराकच्या पुतळ्यासोबतचा फोटो प्रोफाइलला लावलाय हे कोणी काढायच्या आत मीच सांगतो.

माहेरवाशीण
कट्टेकरी, तुमच्या त्या नव्या आवृत्तीत काकूंचं नाव बघा जरा. माहेरचं.

कट्टेकरी
पाहिलं. लग्नात बदललेलं नाव आहे, कंसात माहेरचं आडनाव. माहेरचं नाव नाही. आत्ताच काकांना फोन लावला. म्हणाले, "थांब, आठवून सांगतो."