फी, खर्च की भरपाई?

टिपकागद: मामा न्यू जर्सीत असतात. पाठीच्या दुखण्याने काम सुटलं, सोशल सिक्युरिटीने (तिथलं पेन्शन, अपंगत्वाचे पैसे देणारं सरकारी खातं) अपंगत्वाचा अर्ज फेटाळला, फेडरल कोर्टाने प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं, आणि शेवटी मागच्या थकबाकीसकट पैसे मंजूर झाले. आता वकिलाच्या पत्रात 'अ‍ॅटर्नीज फी' दोनदा आलीय: एक सरकारकडून, एक मामांच्या थकबाकीतून. मी मराठी करताना दोन्हीकडे 'वकील फी' लिहिलं. मामीचा लगेच फोन, "मेला दोनदा घेतोय का रे?" वेगळे शब्द सुचवा.

कोर्टपायरी: सरकारकडची ती 'दाव्याचा खर्च'. 'दावा खर्चासह मंजूर' आपण ऐकतोच की.

खडूफळा: तिथेच गोची आहे. आपल्या दिवाणी कोर्टाच्या 'खर्चा'त वकिलाची फीही धरतात (पदरात किती पडते ते सोडा). अमेरिकेत एरवी ज्याचा वकील त्याने पोसावा. 'कॉस्ट्स' म्हणजे कोर्टाची फी वगैरे. सरकारकडून वकिलाचे पैसे मिळतात ते १९८० च्या 'इक्वल अ‍ॅक्सेस टू जस्टिस' कायद्याने. त्याला 'फीभरपाई' म्हणा. थकबाकीतून जातो तो 'वकिलाचा वाटा', कोर्टातल्या कामासाठी जास्तीत जास्त २५ टक्के.

टिपकागद: म्हणजे मामीचं खरंच की! दोनदा.

खडूफळा: नाही हो. एकाच कामाचे दोन्हीकडून मिळाले, तर त्यातली लहान रक्कम वकिलाने अशिलाला परत करायची. समजा थकबाकी ४०,००० डॉलर, वाटा १०,०००, सरकारकडून आले ६,०००. ते ६,००० मामांना परत. मामांचे गेले ४,०००. पत्रात हे एक वाक्य वरच घाला, मामी शांत होतील.

कोर्टपायरी: पण 'भरपाई' म्हणजे खिशातून गेलेलं भरून देणं. मामांनी अजून दमडी काढलेली नाही.

खडूफळा: मुद्दा बरोबर, तरी शब्द ठेवा. २०१० च्या अ‍ॅस्ट्रू विरुद्ध रॅटलिफ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही रक्कम अशिलाची, वकिलाची नव्हे. म्हणून तर अशिलाकडे सरकारचं काही येणं असेल, तर सरकार ती त्यात वळती करून घेऊ शकतं. ('ऑफसेट'ला 'समायोजन' लिहाल तर खबरदार. 'वळती' वाण्यालाही कळतं.)

टिपकागद: अजून एक. सरकारची बाजू 'सबस्टॅन्शियली जस्टिफाइड' असेल तर भरपाई नाही, असं आहे. मी 'बव्हंशी समर्थनीय' लिहिलंय.

खडूफळा: खोडा! कोशात बरोबर, कायद्यात चूक. १९८८ च्या पिअर्स विरुद्ध अंडरवुड निकालात कोर्टाने याच शब्दाचा कीस पाडलाय. 'मोठ्या प्रमाणात' असा अर्थ नाही. समंजस माणसाला पटू शकेल इतपत आधार असला की झालं. 'बव्हंशी'ने सरकारवरचं ओझं उगाच वाढतं. 'सरकारचं म्हणणं समंजस माणसाला पटण्याजोगं असेल तर' असं लिहा. लांब झालं तर होऊ दे.

कोर्टपायरी: 'वाटा' मात्र काढा बुवा. भावकीची जमीन आठवते. 'फीपोटी कपात' करा.

टिपकागद: केलं. मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, "कळलं. पण ते परतीचे सहा हजार येणार कधी?"