मदत हवी आहे: गोदाकाठच्या रानात सपाटीकरण करायचंय, परवानगी नेमकी कुणाची?

नमस्कार मंडळी,

सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदावरीला लागून आमचं दीड एकर रान आहे, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याजवळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीच्या बाजूला गाळाचा उंचवटा बसला आणि मधोमध घळ पडली. खालच्या कोपऱ्यातलं पाणी तर तेव्हापासून हटतच नाही. जमीन चिभड झाली, पाणकणीस माजलंय. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात, पोरं खूश असतात, पण द्राक्षाच्या दृष्टीने तो कोपरा गेला.

उंचवटा कापून तीच माती घळीत आणि कोपऱ्यात भरायची, साधारण दोन फूट, असा विचार आहे. माती गटाबाहेर जाणार नाही. पोकलेनवाला म्हणतो, "दोन रात्रीत उरकतो, कागद कशाला?" रात्रीच का, विचारलं तर गप्प. दादांचं म्हणणं, सातबारा आपला, माती आपली, विचारायचं कुणाला?

मी तरी विचारायला गेलो. एका टेबलावरून दुसऱ्याकडे बोट. शेवटी एका साहेबांनी तोंडी "करा" सांगितलं; लिहून द्या म्हटल्यावर चहा मागवला!

हे महसूलचं काम की जलसंपदाचं की वनविभागाचं? आणि पाणथळीपासून ५० मीटर म्हणतात ते कुठून मोजायचे, पाण्याच्या कडेपासून का?

– थडीकर

---

पाटाचं पाणी: तिघांचंही. आणि उंचवटा कापणं नि कोपरा भरणं ही दोन वेगळी कामं धरा.

माती गटातच राहिली तरी महसूलकडे लेखी अर्ज करा. विनापरवाना उत्खनन ठरलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो, मशीन जप्त होतं ते वेगळंच. तुमच्या पोकलेनवाल्याला रात्र का आवडते ते कळलं असेल.

जलसंपदाकडून पूररेषेचा नकाशा घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत शेती चालते, भराव नाही. तो कोपरा पुराचं पाणी पोटात घेतो. तुम्ही भरलात की तेच पाणी शेजाऱ्याच्या बागेत नाहीतर पलीकडच्या थडीला चढतं. चांदोरी-सायखेड्याच्या माणसाला हे मी काय सांगणार.

कडवाकाठ: आधी गट कुठे पडतो ते बघा. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये जाहीर झालेलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे, राज्यातलं पहिलं. पण अभयारण्याची हद्द त्याहून बरीच मोठी आहे आणि तिच्यात खासगी रानंही येतात. हद्दीत असाल तर वन्यजीव कायद्याचं कलम २९ लागू. अधिवासाचं नुकसान किंवा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय चालत नाही. रामसर हद्दीत पडलात तर २०१७ चे पाणथळ नियमही लागतात का ते विचारून घ्या. त्यातले ५० मीटर पाण्याच्या कडेपासून नव्हे, दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून धरतात आणि ते पक्क्या बांधकामासाठी. पाणथळीतच भराव टाकायला तर एक मीटरचीही सूट नाही.

गटाची मोजणी करून नकाशा वन्यजीव विभागाकडे न्या. आणि साहेब तोंडी काही म्हणाले तर अर्जाची पोच मागा. पोच मिळाली की चहा नाही मिळाला तरी चालेल.

---

थडीकर: दोघांचे आभार. दादांना वाचून दाखवलं. पलीकडच्या थडीचं ऐकून जरा थांबले, तिथे आत्याचं रान आहे. पोकलेनला तूर्त नाही सांगितलं, सोमवारी मोजणीचा अर्ज टाकतोय.

आता एवढंच सांगा: कोपरा आहे तसा ठेवला आणि फक्त वरच्या बाजूची घळ बुजवली, तर अर्जात ते निराळं दाखवायचं का? २०१९ च्या पाण्याची खूण विहिरीच्या कठड्यावर अजून आहे. तिचा फोटो जोडू का?