जुनी ‘ई-वन’ लाइन आजच्या मापात किती? बदली काय घ्यावं? (बजेट महिन्याला ७०० रुपये)

पऱ्हाटी_दारव्हा: नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेत मी हिशेब बघते. तीन संगणक, एक प्रिंटर. आमची जुनी लीज लाइन (फक्त आमच्यासाठी भाड्यानं घेतलेली इंटरनेटची लाइन) या महिन्याअखेर बंद होतेय. करारावर ‘१ × ई-१, २.०४८ एमबीपीएस’ असं आहे आणि त्याच्याही आधीच्या कागदावर ‘६४ के’. नवीन फायबरवाला ‘४० एमबीपीएस’ म्हणतो. फाइल उतरवताना संगणक मात्र ‘केबी/सेकंद’ दाखवतो. रविवारी संचालक मंडळाची सभा आहे, सगळे शेतकरी. मण आणि क्विंटल एकाच तक्त्यात मांडले तर कोणाला काय कळणार? मला सगळं एका मापात हवंय. आणि ७०० रुपयांत काय घेऊ, तेही सांगा.

संत्रा_वरुड: ताई, आठनं भागा, झालं. माझ्या घरी ३०० एमबीपीएस फायबर आहे. महिन्याला हजाराच्या वर जातात, पण पोरांचे क्लास, कॅमेरे, टीव्ही सगळं एका वेळी चालतं. तेच घ्या.

तूर_मूर्तिजापूर: कायले बदलता ताई? २ एमबीची लाइन म्हणजे सेकंदाले २ एमबी. ७०० एमबीचा पिक्चर सहा मिनिटात उतरते. पतसंस्थेले याहून जास्त काय लागते?

जुना_एक्स्चेंजवाला: नाही भाऊ, तिथंच गफलत होते. ते २ मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. मी आर्वीकडे बरीच वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, म्हणून मुळापासून सांगतो. फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचे, दर मोजणी ८ बिटांची. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. ताईंचं ‘६४ के’ ते हेच, एका संभाषणाएवढी जागा. अशा ३२ जागा एका ई-वनमध्ये: ३२ × ६४ = २०४८. बोलायला त्यातल्या ३०च मिळायच्या. शून्य नंबरची ताळमेळ ठेवायला, सोळावी सिग्नलिंगला, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या इशाऱ्यांना. अमेरिकेतल्या टी-वनमध्ये २४ जागा आणि वर ताळमेळाचे ८ के, म्हणून तिकडचा आकडा १.५४४.

आता बाइट. ८ बिटांचा एक बाइट, हजार बाइटचा एक केबी. २०,४८,००० भागिले ८ = २,५६,०००, म्हणजे सेकंदाला २५६ केबी. तो ७०० एमबीचा पिक्चर उतरायला पाऊण तास लागेल.

ताई, सभेत असं सांगा: २५६ केबीची एक पीडीएफ घ्या. ६४ के लाइनवर ३२ सेकंद, ई-वनवर १ सेकंद, ४० एमबीपीएसवर सेकंदाचा विसावा भाग. हे कागदावरचं. प्रत्यक्षात दहाएक टक्के कमीच धरा, माहिती लहान पाकिटांतून जाते आणि त्यांवरच्या पत्त्यांनाही जागा लागते.

सोयाबीन_चिखली: २५६ नाही, २५०. संगणक १०२४ नं भागतो.

जुना_एक्स्चेंजवाला: संगणकाच्या खिडकीत २५० दिसेल, बरोबर आहे. टेलिफोनची मापं मात्र हजाराचीच. तक्त्यात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

संत्रा_वरुड: तेच तर म्हटलं, आठनं भागा.

कपाशी_आर्णी: स्पीडचं राहू द्या, आधी अर्थिंग पाहा. मागच्या जूनमध्ये पहिल्याच पावसात वीज कडाडली आन् माझा राउटर आन् प्रिंटर दोन्ही जळले. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती आली अ‍ॅडॅप्टरच्या वायरीतून. आता १८ हजाराचा इन्व्हर्टर बसवलाय. तुम्हीही बसवा.

धान_तुमसर: आम्ही ५६ केच्या मोडेमवर निकाल पाहिले आहेत, सेकंदाला जेमतेम ५ केबी यायचे. आमच्या बँकेत तर त्याआधी ९६०० बॉडचा होता.

जुना_एक्स्चेंजवाला: ९६०० बिट म्हणा. त्या मोडेमचा बॉड, म्हणजे सेकंदाचे ठोके, २४००च होता, दर ठोक्याला ४ बिट जायचे. बॉड आणि बिट वेगळे.

धान_तुमसर: डब्यावर ९६०० लिहिलेलं मी डोळ्यानं पाहिलंय.

ज्वारी_रिसोड: ताई, एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. ई-वनवर जाताना-येताना सारखाच वेग असतो. स्वस्त प्लॅनमध्ये अपलोड पुष्कळदा कमी असतो. रोजचा बॅकअप वर पाठवत असाल तर अपलोडचा आकडा लेखी मागा. फायबर असेल तर फायबरच घ्या.

पऱ्हाटी_दारव्हा: सगळ्यांचे आभार, एक्स्चेंजवाल्या काकांचे विशेष. कपाटामागचा करडा डबा आज उघडून पाहिला. दोन काळ्या केबल, फिरवून अडकवायच्या धातूच्या टोप्या, एकीवर उंदराचे दात. आठवडाभर सकाळी ११ ला, गर्दीच्या वेळी, वेग टिपून ठेवला. २४० केबीच्या वर एकदाही गेला नाही, आणि काम कुठं अडलं नाही.

म्हणून गावातल्याच वायरलेसवाल्याची १० एमबीपीएसची लाइन घेतेय, ६०० रुपये, अपलोडही १०, लेखी. म्हणजे सेकंदाला १२५० केबी, आजच्या जवळजवळ पाचपट. त्याचा अँटेना पाण्याच्या टाकीवर आहे आणि घर संस्थेच्या मागं. रस्त्याचं खोदकाम सुरू आहे, फायबर तुटली तर जोडायला तालुक्याहून माणूस यावा लागतो. खातेदार पीककर्जाच्या भरण्याला उभा असताना मला ते चालणार नाही.

संत्रा_वरुड: ताई, चूक करताय. दोन वर्षांनी पुन्हा बदलाल.

ज्वारी_रिसोड: पावसात वायरलेस कसं चालतं ते आधी शेजाऱ्यांना विचारा.

जुना_एक्स्चेंजवाला: मीही फायबरच म्हटलं असतं, पण मोजून ठरवलंत हे मला आवडलं. एकच करा, जुनी लाइन महिनाअखेरपर्यंत काढू देऊ नका. नवीन आजच जोडून घ्या आणि दोन्हींवर एकच फाइल उतरवून घड्याळ लावा.

पऱ्हाटी_दारव्हा: हो काका. तो उद्या सकाळी शिडी घेऊन येतोय.