मनगटावरचं ‘गँगलिऑन’ कापलं आणि आत तपकिरी पू निघाला: पुढे औषध, पुन्हा ऑपरेशन की नुसती नजर?

तालुका_सर्जन:
५८ वर्षांचे भातशेतकरी, मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४. उजव्या मनगटाच्या पाठीवर अडीच सेंटिमीटरची, न दुखणारी गाठ, दहा महिन्यांपासूनची. बाहेर एकदा सुईने उपसून आत स्टेरॉइड दिलं होतं, त्यानंतर ती वाढली. गँगलिऑन, म्हणजे सांध्याजवळची जेलीने भरलेली निरुपद्रवी गाठ, समजून काढायला घेतली तर जेलीऐवजी तपकिरी, दाटसर पू आला आणि भिंत एका जागी फाटली. दिसली तेवढी भिंत काढली, सलाइनने धुतलं. नमुना मात्र सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये गेला. रिपोर्ट असा: पूयुक्त ग्रॅन्युलोमा (दीर्घ सुजेत पांढऱ्या पेशींचा जमलेला पुंजका), त्यात तपकिरी, पडदे असलेले बुरशीचे तंतू. टाके काढून झालेत, जखम कोरडी आहे.
फॉर्मलिनमुळे कल्चर (नमुन्यातून बुरशी वाढवून ओळखणं) होणार नाही; ते नसताना औषध सुरू करावं का? पुन्हा उघडून उरलेली भिंत काढावी का? आणि हाताच्या ताकदीबद्दल पेशंटला काय सांगू? नातेवाईक ‘ब्लॅक फंगस’ शब्द ऐकून हादरलेत.

बुरशी_प्रयोगशाळा:
आधी नातेवाईकांचं. कोविडच्या काळात लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकर. तिला स्वतःला काळा रंग नसतो. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि मेलेलं मांस काळं दिसतं. तुमच्या पेशंटची बुरशी खरोखरच रंगीत आहे, पण ती सावकाश वाढते आणि सहसा त्वचेखालीच गाठ धरून बसते. हा फरक त्यांना समोर बसवून, याच शब्दांत सांगा. रात्रीची झोप लागेल.

या आजाराचं नाव फिओहायफोमायकोसिस, म्हणजे रंगीत तंतूंच्या बुरशीचा संसर्ग. हातामनगटावरच्या गाठींत एक्सोफिआला गटातल्या बुरशी नेहमी सापडतात. त्या माती, लाकूड, कुजका पालापाचोळा यांत राहतात आणि काटा किंवा लाकडाची कुसळ घुसली की तिच्याबरोबर आत जातात. कुसळ टोचल्याचं पेशंटला बहुतेक वेळा आठवतही नाही.

रंग मेलॅनिनचा. ही बुरशी अ‍ॅसिटेटपासून डायहायड्रॉक्सिनॅफ्थलीन बनवते, त्याच्या साखळ्या जोडते आणि ते मेलॅनिन पेशीभित्तीत बसवते. भातावरच्या करप्याची बुरशीही हाच मार्ग वापरते. करप्यावर फवारतात ते ट्रायसायक्लॅझोल बुरशीला थेट मारत नाही, ते या मार्गातला एक टप्पा अडवतं. प्रयोगशाळेत माध्यमात ट्रायसायक्लॅझोल घातलं की काळी वसाहत लालसर तपकिरी उगवते, कारण मधले पदार्थ साचून दुसऱ्याच रंगाकडे वळतात. शेतातलं औषध आणि हातातली गाठ यांचा एवढाच संबंध. पेशंटवर ते उपचार म्हणून वापरायचं नाही, हे नातेवाईकांपैकी कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

हे मेलॅनिन पांढऱ्या पेशींनी सोडलेले ऑक्सिडंट शोषून घेतं आणि काही बुरशीनाशकांना बांधून ठेवतं. औषध महिनोन्महिने लागण्याचं ते एक कारण.

आता तुमच्या हातात काय आहे? पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना. पॅथॉलॉजीला फोन करून तीन कामं सांगा. पहिलं, फॉन्टाना-मॅसन रंगवणी: मेलॅनिन चांदीच्या क्षाराचं धातूत रूपांतर करतं आणि तंतू काळे दिसतात. जीएमएस या चांदीच्या दुसऱ्या रंगवणीवर समाधान मानू नका, त्यात कुठलीही बुरशी काळीच दिसते. फॉन्टानाचाही अतिरेक नको, काही अ‍ॅस्परजिलसही त्यात फिके रंगतात. एच अँड ई या नेहमीच्या रंगवणीच्या साध्या काचेवर तुम्हाला तपकिरी रंग दिसलाय, तो पुरावा जास्त भक्कम. दुसरं, ब्लॉकचे खोलवर आणखी काप घेऊन ध्रुवित प्रकाशात बघायचं. लाकडाचा कण असेल तर त्यातला सेल्युलोज चमकतो. कण सापडला तर तो बाहेर आलाय ही तुमच्या बाजूची गोष्ट. तिसरं, ब्लॉकवरून आयटीएस भागाचा (बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) पीसीआर. फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे होतात, त्यामुळे उत्तर येईलच असं नाही. निगेटिव्ह आला तर तो धरू नका.

पुढच्या वेळी टेबलावरच दोन बाटल्या ठेवा. एकीत १० टक्के फॉर्मलिन, दुसरीत निर्जंतुक सलाइन. सलाइनची बाटली त्याच दिवशी पोचली पाहिजे. थोडा पू काचेवर घेऊन १० ते २० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वीसेक मिनिटं ठेवला तर तपकिरी तंतू आणि मण्यांच्या माळेसारख्या पेशी लगेच दिसतात. कल्चरसाठी सॅबुरॉड या बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या नळ्या, जिवाणू रोखणारं क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या, एक इतर बुरशी रोखणाऱ्या सायक्लोहेक्झिमाइडसह आणि एक त्याविना, २५ ते ३० अंशांवर चार आठवडे. पहिल्या आठवड्यात काही उगवलं नाही म्हणून ‘नो ग्रोथ’ लिहून टाकणं ही नेहमीची चूक. एक्सोफिआला आधी काळ्या, ओलसर, ग्रीससारख्या थेंबांनी उगवते, मग वर राखाडी-हिरवट मखमल चढते. नळी उलटी धरून मागून बघा, काच डांबर ओतल्यासारखी काळी दिसते.

हात_शल्य:
पुन्हा उघडण्याची घाई करू नका. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसात गाठ अखंड निघाली तर बहुतेकदा तेवढ्यावर काम भागतं. तुमच्याकडे भिंत फाटली, मधुमेह आहे आणि आधी स्टेरॉइड पडलंय, म्हणून मी औषधाच्या बाजूने आहे. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करा. कंडराच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात द्रव किंवा भिंतीचा उरलेला भाग दिसला तर मात्र औषध चालू ठेवून दुसऱ्यांदा आत जायचं.

गेलातच तर: प्रादेशिक भूल, टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा दंडावरचा पट्टा) २५० मिमी पाऱ्यावर, पण एस्मार्क पट्ट्याने रक्त पिळून काढू नका. हात पाच मिनिटं वर धरला की पुरतं, कारण पिळल्याने जंतू वर ढकलले जाण्याची भीती असते. जुना व्रण लांबट वर्तुळात काढा, भिंगाचा चष्मा वापरा, गाठीभोवती चरबीचा पातळ थर ठेवूनच सोडवत या. अंगठ्याच्या बाजूला रेडियल मज्जातंतूच्या वरवरच्या फांद्या आधी शोधून बाजूला घ्या. ऑपरेशननंतरच्या तक्रारींत गाठ परतण्याइतकाच त्रास या फांद्या दुखावल्याचा असतो: चटका, बधिरपणा, बांगडी किंवा घड्याळ टेकलं तरी कळ. कंडराचं आवरण सुजलेलं असेल तर ते सोलून काढा, पण रेटिनॅक्युलमचा (कंडरे मनगटाशी दाबून धरणाऱ्या पट्ट्याचा) निम्मा भाग तरी राखा, नाहीतर मनगट मागे वळवताना कंडरे धनुष्याच्या दोरीसारखे वर उठतात.

मुळात टॉर्च लावून बघणं राहून जातं. गँगलिऑनमधून उजेड आरपार जातो, या गाठीतून जात नाही. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या मनगटावर न उजळणारी गाठ असेल तर त्यात स्टेरॉइड टोचू नये, एवढं प्रत्येक ओपीडीत पाळलं गेलं पाहिजे.

त्वचा_ओपीडी:
इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन ते सहा महिने. सुरू करण्याआधी लिव्हर फंक्शन, पोटॅशियम, ईसीजी आणि हृदयाचा नीट इतिहास. हार्ट फेल्युअर असेल तर हे औषध नको. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटात आम्ल नसेल तर ती शोषली जात नाही, म्हणून पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी बंद करा. हल्ली ते प्रत्येक चिठ्ठीत असतं आणि औषध ‘लागू पडत नाही’ याचं हेच कारण निघतं. कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन चालणार नाही, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही बदला. अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पायांची सूज बघत राहा. कॅप्सूलमधल्या दाण्यांचा आकार आणि संख्या कंपनीगणिक बदलते, त्यामुळे एकच ब्रँड शेवटपर्यंत ठेवा. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजता आली तर डोस घेण्याआधीचा नमुना घ्या, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर हवी. साखर आटोक्यात आणणं हा उपचाराचाच भाग आहे.

तालुका_सर्जन:
आभारी आहे. पँटोप्राझोल चालूच होतं, आज बंद केलं. पूमध्ये काळे दाणे नव्हते. असते तर?

बुरशी_प्रयोगशाळा:
मग गोष्ट वेगळी झाली असती. काळे दाणे म्हणजे बुरशीचा मायसेटोमा (दाणे बाहेर टाकणारी, खोल पसरणारी गाठ), बहुधा मॅडुरेला या बुरशीचा. मायसेटोमा हे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६०मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत असताना दिलं. पुढे ते साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होते. मायसेटोमात दाण्यातलं मेलॅनिन आणि प्रथिनांचा चिकट गिलावा औषधाला आत शिरू देत नाही. आधी सहा महिने इट्राकोनॅझोल देऊन गाठीला स्पष्ट कड येऊ द्यायची, मग रुंद कड ठेवून काढायची आणि औषध पुढे चालू ठेवायचं. ते जास्त वेळा परततं, आणि हाडात शिरलं तर हाताचं नुकसान मोठं. पिवळे किंवा लाल दाणे असतील तर बहुधा जिवाणू, तिथे अँटिबायोटिक. पांढरे दाणे बुरशीचेही असू शकतात, जिवाणूंचेही. म्हणून दाणे दिसले की आधी रंग लिहून ठेवा.

हात_थेरपी:
ताकदीच्या प्रश्नावर: ऑपरेशनआधीची पकड मोजलेली नसेल तर दुसऱ्या हाताशी तुलना करा. जामार डायनॅमोमीटर (पकडीची ताकद मोजायचं यंत्र), हँडल दुसऱ्या खाचेत, कोपर ९० अंशांत, तीन वेळा दाबून सरासरी. रोजच्या कामात हात किती चालतो याचंही माप लागतं, म्हणून क्विकडॅश ही हाताच्या कामाची प्रश्नावली मराठीत समजावून भरून घ्या. ११ प्रश्न, किमान १० भरलेले असले तरच गुण काढता येतात. आज, सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी.

टाके निघालेत, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून व्रणावर दिवसातून चार वेळा पाच मिनिटं गोल मालिश, खोबरेल तेल चालेल. मूठ पूर्ण मिटवून मनगट खाली वाकवायला सांगा: पाठीवरचे कंडरे चिकटले असतील तर बोटं आपोआप उघडतात. ते दिसलं तर मालिशीबरोबर बोटं मिटलेली ठेवून मनगट वाकवण्याचा व्यायाम रोज दहा-दहाचे तीन सेट. विळा धरायला सहा आठवड्यांनी परवानगी, पण चिखलणी आणि काटेरी कुंपणाच्या कामात हातमोजे घालूनच. आणि व्रणाशेजारी मसुराएवढी जरी टणक गाठ हाताला लागली तरी दुखण्याची वाट न बघता यायला सांगा. दोन वर्षांपर्यंत.